जुनी बेस गिटार घेताना आधी नेक बघा

महिन्याचा शेवटचा आठवडा आला की मारुंजीत सोसायट्यांच्या गेटवर टेंपो दिसू लागतात. कुणाची कंपनी बदललेली असते, कुणाला बंगळूर गाठायचं असतं, कुणी लग्न ठरल्यामुळे मोठ्या फ्लॅटमध्ये चाललेलं असतं. हिंजवडीच्या आयटी पार्कला लागून असलेल्या या गावात भाडेकरूंची ये-जा कायमचीच. त्यामुळे सोसायटीच्या खरेदी-विक्रीच्या ग्रुपवर गाद्या, टेबलं, वॉशिंग मशीन यांच्या रांगेत अधूनमधून एखादी गिटार येते, आणि कधीतरी चार जाड तारांची बेस गिटारही. "फारशी वापरलेली नाही, बॅगसकट देतो, आजच न्या."

अशी जाहिरात दिसली की वाचकांचे प्रश्न येतात, आणि ते दर वेळी साधारण तेच असतात. चार तारांची घ्यावी की पाच? आमच्याकडे अ‍ॅम्प नाही, मग तपासायची कशी? मुलगी तेरा वर्षांची आहे, तिच्या हाताला जमेल का? विकणारा म्हणतोय आधी दोन हजार टाका, नाहीतर दुसऱ्याला देतो, टाकू का?

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो: टाकू नका. बाकीच्यांची उत्तरं पुढे आहेत.

नव्याने शिकणाऱ्याने जुनीच बेस घ्यावी असं माझं मत आहे. तेवढ्याच पैशांत नव्यापेक्षा बरं वाद्य मिळतं, आणि सहा महिन्यांनी शिकणं सुटलंच तर ते जवळपास त्याच भावात विकता येतं. मात्र एक गोष्ट सांभाळावी लागते. बेसवरच्या तारा, खुंट्या, जॅक, नॉब, अगदी पिकअपसुद्धा बदलता येतात. नेक बिघडलेला असेल, तर स्वस्तातल्या वाद्यावर त्याची दुरुस्ती परवडत नाही. म्हणून रंग, चमक आणि नाव यांच्याकडे नंतर बघा.

घराबाहेर पडण्याआधी काय ठरवाल

बेस शिकण्यासाठी आधी साधी गिटार यावी लागते, हा समज मनातून काढून टाका. थेट बेसपासून सुरुवात करणारे खूप आहेत. हे साथीचं वाद्य असलं तरी दुय्यम नाही. राहुलदेव बर्मन यांच्या गाण्यांत टोनी वाझ यांच्या बेसने काय केलंय ते हेडफोन लावून ऐका. आजच्या काळात मुंबईच्या मोहिनी डे यांना ऐका. आपल्याला नेमकं काय वाजवायचं आहे, हे त्यातून कळेल.

- चार तारा की पाच: चार. ई, ए, डी, जी या चार तारांत शिकण्यासारखं सगळं येतं. यातली ई साधारण ४१ हर्ट्झची, म्हणजे साध्या गिटारच्या सर्वांत जाड तारेच्या एक सप्तक खाली असते. पाचवी बी तार साधारण ३१ हर्ट्झपर्यंत उतरते. स्वस्त वाद्यावर ती ढिली लागते आणि नुसती घुमते, आणि नेकही रुंद होतो.
- लांबी: नटपासून (खुंट्यांजवळची, तारा टेकतात ती पट्टी) ब्रिजपर्यंत (बॉडीवरचा तारांचा आधार) तारेची जी लांबी मोजतात तिला स्केल म्हणतात. नेहमीच्या बेसची ती ३४ इंच असते, शॉर्ट स्केलची ३०. मोठ्या माणसाने, हात लहान वाटला तरी, ३४ इंचीवर एकदा बसून पाहावं, बहुतेकांना जमतं. दहा-तेरा वर्षांच्या मुलांसाठी शॉर्ट स्केल शोधा. आयबनेझची मिक्रो तर २८.६ इंचांचीच आहे.
- पी की जे: जाहिरातीत ही अक्षरं हमखास दिसतात. लिओ फेंडर यांनी १९५१ मध्ये आणलेली प्रिसिजन बेस म्हणजे पी, आणि १९६० मध्ये आलेली जॅझ बेस म्हणजे जे. बाजारातल्या बहुतेक बेस या दोघींच्याच चालीवर बनलेल्या असतात. तुमच्या कामाचा फरक एवढाच की जे प्रकारचा नेक नटपाशी अरुंद, साधारण ३८ मिलिमीटरचा असतो. पीचा त्याहून रुंद असतो. लहान बोटांना जे सोपी जाते.
- बॅटरीची (अ‍ॅक्टिव्ह) की बिनबॅटरीची (पॅसिव्ह): दोन्ही चालतील. बॅटरीची असेल तर आत नऊ व्होल्टची बॅटरी असते आणि केबल लावून ठेवली की ती उतरत राहते. तपासायला जाताना एक नवी बॅटरी खिशात असू द्या.
- फ्रेटलेस (नेकवर धातूच्या आडव्या पट्ट्या, म्हणजे फ्रेट, नसलेली): पहिली म्हणून नको. सूर नेमका कुठे आहे हे कान तयार झाल्याशिवाय सापडत नाही.

नावांचं म्हणाल तर यामाहाची टीआरबीएक्स मालिका, आयबनेझची जीएसआर, कोर्टची अ‍ॅक्शन, फेंडरचीच धाकटी शाखा असलेली स्क्वायर, ही नवशिक्यांसाठीची चांगली नावं आहेत आणि जुन्या बाजारात ती फिरत असतात. भारतीय नावांच्या बेस स्वस्त मिळतात. त्यांत एकाच नमुन्याचे दोन नग वेगवेगळे निघू शकतात, तेव्हा नाव ऐकून ठरवू नका, हातातला नग बघून ठरवा.

भाव कसा करावा

विकणारा सांगतो, "मी तेवीस हजारांना घेतली होती." ते ऐकून घ्या, पण हिशोबात धरू नका. तोच नमुना आज नवा केवढ्याला मिळतो ते दुकानात किंवा ऑनलाइन बघा. चांगल्या स्थितीतल्या जुन्या बेसला मी नव्या किमतीच्या निम्म्यापासून पासष्ट टक्क्यांपर्यंत देतो, त्याहून वर जात नाही. समजा नवी २०,००० रुपयांना आहे. मग तुमची मर्यादा १०,००० ते १३,०००. त्यातून नव्या तारांचे आणि सेटअपचे (कारागिराकडून नेक, तारांची उंची आणि सूर जुळवून घेण्याचे) पैसे वजा करा, कारण ते दोन्ही जवळपास दर वेळी करावेच लागतात. बेसच्या चांगल्या तारांचा एक संच साध्या गिटारच्या तारांच्या कितीतरी पट महाग असतो, आणि नवशिक्यांना हा धक्का दुकानात गेल्यावर बसतो. आदल्या दिवशी दोन्हींचे भाव विचारून ठेवले की घासाघीस करताना तुमच्याकडे आकडा तयार असतो.

बॅग, केबल, पट्टा सोबत मिळत असेल तर बरंच. पण "अ‍ॅम्पसकट घेतली तरच देतो" असं कुणी म्हणालं तर अ‍ॅम्प बेसचाच आहे ना ते बघा. साध्या गिटारच्या छोट्या अ‍ॅम्पवर मोठ्या आवाजात बेस वाजवली तर त्याचा स्पीकर फाटू शकतो.

बघायला जाताना

दिवसाउजेडी जा. हे मी अनुभवाने सांगतो. माझी पहिली जुनी बेस मी रात्री नऊ वाजता, एका फ्लॅटच्या हॉलमध्ये, एकाच ट्यूबलाइटच्या उजेडात घेतली. रंग सुंदर होता, विकणारा घाईत होता आणि मीही. सकाळी खिडकीपाशी धरली तेव्हा नेक पिळलेला दिसला. तो शेवटपर्यंत सरळ झाला नाही.

सोबत हे न्या:

- मिलिमीटरच्या खुणा असलेली छोटी पट्टी आणि एक व्हिजिटिंग कार्ड
- फोनमध्ये ट्यूनरचं एखादं मोफत अ‍ॅप
- केबल आणि हेडफोन लावायचा छोटा अ‍ॅम्प. नसेल तर शिकवणाऱ्या सरांकडून एका संध्याकाळपुरता मागून घ्या
- जमलं तर वाजवणारा एक मित्र

विकणाऱ्याचा अ‍ॅम्प आधीच विकला गेलाय असं बऱ्याचदा होतं. मग जवळच्या क्लासमध्ये किंवा वाद्यांच्या दुकानात भेटायचं सुचवा. खरा विकणारा सहसा नाही म्हणत नाही.

नेक

इथे वीस मिनिटं घालवा, बाकी सगळ्याला मिळून दहा पुरतात.

*पीळ.* बेसचा खालचा भाग, म्हणजे बॉडी, हनुवटीपाशी धरा आणि एक डोळा मिटून नेकवरून खुंट्यांच्या दिशेने बघा, सुतार फळी बघतो तसं. नेकच्या दोन्ही कडा एकमेकींना समांतर जाताना दिसल्या पाहिजेत. एक कड वर आणि दुसरी खाली गेलेली दिसली तर नेक पिळलेला आहे. इथेच थांबा, आभार माना आणि परत या. पाच हजार कमी केले तरी घेऊ नका.

*वाक.* ई तार पहिल्या फ्रेटवर एका हाताने दाबा आणि नेक जिथे बॉडीला मिळतो तिथल्या फ्रेटवर दुसऱ्या हाताने. आता सातव्या-आठव्या फ्रेटच्या वर तार आणि फ्रेट यांच्यात किती फट आहे ते बघा. व्हिजिटिंग कार्ड जेमतेम सरकेल एवढी, म्हणजे पाव ते अर्धा मिलिमीटर, असेल तर उत्तम. एक मिलिमीटर किंवा जास्त असेल तर नेक पुढे वाकलाय. फट मुळीच नसेल तर मागे. हा वाक नेकमध्ये बसवलेली लोखंडी सळी, ट्रस रॉड, फिरवून दुरुस्त होतो. पण ती सळी आधीच पूर्ण आवळलेली असेल किंवा तिच्या टोकाचा खाचा झिजून गोल झाला असेल तर उपाय खर्चाचा होतो. टॉर्च मारून तो खाचा बघा. सळी तिथे बसून स्वतः फिरवू नका. मोडली तर भांडण तुमच्या गळ्यात.

*अ‍ॅक्शन.* बाराव्या फ्रेटवर तार किती उंच आहे ते मोजा. दोन ते अडीच मिलिमीटर ठीक. चार असेल तर बोटं दुखतील, पण एवढ्यावरून नाकारू नका. नेक सरळ असेल तर ब्रिजचे स्क्रू खाली घेऊन हे जमतं. विचारा, "सेटअप कधी केलं होतं?" बहुतेक जण म्हणतील, कधीच नाही. त्यात काळजीचं काही नाही, भाव कमी करायला मात्र मदत होते.

*फ्रेट.* प्रत्येक तार प्रत्येक फ्रेटवर वाजवा. होय, प्रत्येक. वीस फ्रेट आणि चार तारा म्हणजे ऐंशी सूर, पाच मिनिटांचं काम. कुठे खरखर येते, कुठे सूर मरतो ते लक्षात ठेवा. सगळीकडे थोडी खरखर असेल तर सेटअपचा प्रश्न असतो. एकाच जागी असेल तर तो फ्रेट उचललेला किंवा झिजलेला असतो. पहिल्या पाच फ्रेटवर तारेच्या हलक्या रेघा चालतात, नखाला अडकतील अशा खाचा नकोत. जी तारेवर पाचव्या ते सातव्या फ्रेटच्या आसपास एखादा सूर लवकर विझतो, तो पुष्कळ चांगल्या बेसवरही विझतो. त्यावरून घाबरू नका.

आपल्याकडच्या हवेचा इथे संबंध येतो. मावळाच्या बाजूचा पाऊस मारुंजीत चार महिने ठाण मांडतो, लाकूड ओल पिऊन फुगतं आणि हिवाळ्यात आकसतं. लाकूड आकसलं की फ्रेटची टोकं कडेने बाहेर येतात आणि हाताला करवतीसारखी लागतात. हात नेकच्या कडेवरून वर-खाली फिरवून बघा. कानशीने घासून हे नीट होतं. वाद्य कुठे ठेवलेलं असायचं तेही विचारा. माळ्यावर, बंद बाल्कनीत, एप्रिलमध्ये गाडीच्या डिकीत, अशी उत्तरं आली तर नेक दुसऱ्यांदा तपासा.

शेवटी नेक आणि बॉडी यांच्या सांध्यापाशी तडा आहे का, आणि नटच्या मागे, जिथून खुंट्यांचा भाग सुरू होतो, तिथे चिकटवल्याची रेघ आहे का ते बघा. पडलेल्या बेस तिथेच मोडतात.

सूर आणि वायरी

मोकळी तार ट्यून करा. मग तीच तार बाराव्या फ्रेटवर दाबून वाजवा. ट्यूनरवर तोच सूर दिसला पाहिजे. थोडा वर-खाली असेल तर ब्रिजवरून जुळतो. खुंट्या फिरवताना मध्येच सैल आणि मध्येच घट्ट लागत असतील तर बदलाव्या लागतील, एवढंच.

केबल लावून नॉब फिरवा. कर्रकर्र आवाज आला तर आतली धूळ, साधं काम. जॅक हलवल्यावर आवाज जात असेल तर सोल्डरिंग. प्रत्येक पिकअप स्वतंत्रपणे वाजतो ना ते बघा. गुणगुण येत असेल आणि तारांना हात लावल्यावर ती कमी होत असेल तर घाबरण्याचं कारण नाही. पण हात लावल्यावर झिणझिणी आली तर लगेच हात काढा. तो दोष बहुधा घरातल्या अर्थिंगचा किंवा अ‍ॅम्पचा असतो आणि जिवावर बेतू शकतो. दुसऱ्या जागी तपासा.

अ‍ॅम्प मिळालाच नाही तर बेसच्या वरच्या शिंगावर कान टेकवून वाजवा. लाकडातून येणारा आवाज स्पष्ट ऐकू येतो. मात्र वायरी तपासल्याशिवाय पूर्ण भाव देऊ नका.

फसवणूक इथे होते

- विकणारा सैन्यात किंवा निमलष्करी दलात आहे, बदली झालीय, ओळखपत्राचा फोटो पाठवतो, वाद्य कुरिअरने येईल म्हणतो. ही जुनी आणि खूप चाललेली फसवणूक आहे. न बघितलेल्या वाद्याचे पैसे देऊ नका.
- पुढे तुम्ही कधी विकायला निघालात तर लक्षात ठेवा, पैसे मिळवण्यासाठी यूपीआयचा पिन टाकावा लागत नाही आणि कोड स्कॅन करावा लागत नाही.
- खुंट्यांजवळ मोठ्या कंपनीचं नाव आणि भाव फारच कमी. नाव चिकटवता येतं. खुंट्यांच्या मागे किंवा नेक जोडलेल्या पट्टीवरचा अनुक्रमांक कंपनीच्या विक्रेत्याला दाखवून विचारा. अनुक्रमांक खरवडलेला असेल तर सौदा सोडा.

आपल्या भागात एक साधी पडताळणी आहे. विकणाऱ्याच्या घरी जा. सोसायटीच्या गेटवर फ्लॅट क्रमांक सांगून नोंद होते, आतून होकार येतो, दार उघडणारा माणूस तिथेच राहतो हे कळतं. लक्ष्मी चौकात रस्त्याच्या कडेला भेटून, बॅगची चेन अर्धी उघडून झालेल्या सौद्यात यातलं काहीच होत नाही.

पैसे गेलेच तर वेळ न दवडता १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन करा. पहिल्या काही तासांत कळवलं तर रक्कम पुढच्या खात्यात गोठवली जाण्याची शक्यता असते. मारुंजीतल्या लोकांसाठी ठाणं हिंजवडी पोलिसांचं, पिंपरी-चिंचवड आयुक्तालयातलं.

तुमचे हक्क: दुकान वेगळं, शेजारी वेगळा

*दुकानातून घेतलीत तर* ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ तुमच्या बाजूने आहे, वस्तू जुनी असली तरी. बिल न देणं ही अनुचित व्यापारी प्रथा ठरते. सदोष माल बिलावर लिहिलेल्या मुदतीत, आणि मुदत लिहिलेली नसेल तर तीस दिवसांत, परत घ्यायला नकार देणं हीसुद्धा. तेव्हा "जुन्या मालाचं बिल नसतं" हे ऐकून घेऊ नका. बिलावर नमुना, अनुक्रमांक आणि दुकानदाराने तोंडी दिलेली हमी लिहून घ्या. ऐकलं नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. पुढे जिल्हा ग्राहक आयोग आहे. तुम्ही जिथे राहता त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला शुल्क नाही, आणि मुदत दोन वर्षांची आहे.

*शेजाऱ्याकडून किंवा अनोळखी व्यक्तीकडून घेतलीत तर* हा कायदा लागू होत नाही, कारण तो माणूस व्यापारी नाही. करार कायद्याप्रमाणे खोटं सांगून केलेला सौदा रद्द करता येतो. पण साधी काळजी घेऊन जो दोष तुम्हाला सहज दिसला असता, त्याबद्दल "त्याने सांगितलंच नाही" हे म्हणणं टिकणं कठीण. वर नेकवर वीस मिनिटं घालवायला सांगितलं ते यासाठीही.

मालविक्री कायद्याप्रमाणे विकणारा वस्तूचा मालक असला पाहिजे, हे गृहीतच असतं. तरी लिहून घ्या. वाद्य चोरीचं निघालं तर ते मूळ मालकाकडे जातं आणि पैसे परत मिळवणं तुमच्यावर येतं. चोरीचा माल आहे हे माहीत असताना किंवा तसा संशय यायला जागा असताना घेतला, तर भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७ खाली गुन्हाही होतो. एक कागद पुरतो. त्यावर दोघांची नावं आणि पत्ते, वाद्याचा नमुना, अनुक्रमांक, रंग, रक्कम, तारीख, "हे वाद्य माझ्या मालकीचं असून मी ते विकत आहे" हे वाक्य आणि सह्या. मूळ बिल असेल तर त्याचा फोटो. पैसे यूपीआयने, त्याच्याच नावाच्या खात्यावर, वाद्य हातात आल्यानंतर.

घरी आणताना आणि आणल्यावर

बेस बॅगसकट सव्वा मीटरच्या आसपास असते. दुचाकीवर पाठीला लावली की खुंट्या डोक्याच्या वर येतात आणि वळताना कुठेतरी आपटतात. रिक्षाने आणा किंवा मागे बसणाऱ्याने ती उभी धरावी.

पहिल्या आठवड्यात नव्या तारा आणि सेटअप, दोन्ही एकदम करून घ्या. सुरुवातीला ०.०४५ ते ०.१०५ इंचांचा नेहमीचा संच घ्या आणि कारागिराला सांगा की शिकणाऱ्याला वाजवायची आहे, अ‍ॅक्शन खाली ठेवा. पावसाळा संपल्यावर नोव्हेंबरात नेक पुन्हा एकदा दाखवून घ्या.

आणि शेजाऱ्यांचा विचार करा. बेसचा आवाज भिंतीतून आणि जमिनीतून जातो. तुमच्या खोलीत सौम्य वाटलेला सूर खालच्या मजल्यावर छतातून घुमतो. निवासी भागात आवाजाची मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री दहा ते सकाळी सहा ४५ डेसिबल आहे. खाली रात्रपाळी करून दुपारी झोपणारं कुणी असेल तर दिवसही सुरक्षित नाही. रोजच्या सरावासाठी हेडफोनचा अ‍ॅम्प घ्या. मोठा अ‍ॅम्प नंतर, बँडमध्ये वाजवायला लागल्यावर. छोटा स्पीकर वापरणार असाल तर तो थेट फरशीवर ठेवू नका, खाली जाड फोम किंवा घडी घातलेली सतरंजी घाला, आणि खालच्या मजल्यावरच्यांना एकदा जाऊन विचारून या की कोणत्या वेळी वाजवलं तर चालेल.